काढा म्हणजे काढून टाका

माझ्या साडूंइतका साठवणुकीचा कट्टर वैरी तापीच्या दोन्ही काठांवर, पार उगमापासून समुद्रापर्यंत, आजवर झाला नसेल, आणि पुढे होऊ नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. कुणाला दारूचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. आमच्या साडूंना नाद होता मोकळ्या जागेचा. घरात फळी रिकामी दिसली की त्यांना देवळात गेल्यासारखं वाटे आणि फळीवर डबा दिसला की त्यांचा हात शिवशिवायला लागे. 'कसाले जोयजे?' हा त्यांचा मंत्र. आमच्या अहिराणीत याचा अर्थ एवढाच, की 'कशाला पाहिजे?' पण हा प्रश्न ते ज्या वस्तूकडे बघून विचारत, तिला त्या दिवशीची दिवेलागण दिसत नसे. आणि एवढं करून ते या रोगाला शिस्त म्हणत.

त्यांची निंदा करण्याआधी त्यांचे उपकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे जीभ चाचरणार नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. पारोळ्याकडच्या आमच्या गावी लग्न झालं, मुलगी झाली, आणि हाताला काम मात्र पावसापुरतंच राहिलं. तेव्हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, सुरतेहून निरोप धाडला, की पाव्हण्याला इकडे पाठवून द्या, तुमचे दाजी बघतील. आणि दाजींनी, म्हणजे माझ्या साडूंनी, खरंच बघितलं. डिंडोलीतल्या त्यांच्या एका खोलीच्या घरात मला भिंतीकडेची जागा दिली, दोन्ही वेळचं जेवू घातलं, पलसाण्याच्या ज्या साड्या छापायच्या मिलमध्ये ते होते तिथे मला चिकटवलं. आजही त्यांच्या नावाने मी हात जोडतो. पण हात जोडलेले असतानाही डोळे उघडे राहतात, त्याला माझा इलाज नाही.

डिंडोलीला पोचलो त्याच संध्याकाळी मला त्यांचा पहिला प्रसाद मिळाला. गावच्या मास्तरांनी एका कागदावर त्यांच्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. गल्ली, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, सगळं. तो कागद मी रस्ताभर छातीशी धरला होता. दारात पोचताच साडूंनी तो माझ्या हातातून घेतला, वाचला, फाडला आणि गटारात टाकला. "पोहचना ना तू? मंग हाई चिठ्ठी आते कसाले जोयजे?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्बा घेऊन रुळांकडे गेलो आणि परत येताना सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसायला लागल्या. सुरतेतली माझी पहिली सकाळ मी हातात रिकामा डब्बा घेऊन, लोकांना 'माझे साडू कुठे राहतात' असं विचारत काढली. साडूंचं नाव विचारलं की मी सांगे, पण लोक म्हणत, या नावाची माणसं इथे दर गल्लीत आहेत, अजून काही खूण सांग. शेवटी मी म्हटलं, 'ते सगळं फेकून देतात.' तेव्हा एका म्हातारीने लगेच बोट दाखवलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान ते महिना संपायची वाट न बघता फाडत. शेवटचा आठवडा लागला, की 'उरेल दिवस माले पाठ शेत' म्हणत आणि टर्रकन ओढत. उरलेले दिवस त्यांना पाठ नसत, हे सांगायला नकोच. ताईने एका महिन्यात संकष्टी एक दिवस उशिरा धरली, दिवसभर पाण्यावर राहिली, रात्री गल्लीतल्या बायकांना 'चंद्र निघाला का गं' विचारायला गेली, तर त्या आदल्याच दिवशी मोदक खाऊन बसलेल्या. घरी येऊन ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्या मानूसनी मन्हा जीव खादा. देवले बी फसाडं मी याना पायरे." देवालाही फसवलं मी याच्यापायी. यावर साडू म्हणाले, "देवले काय, कालदिन करा काय नि आज करा काय. त्याना पान थोडं कॅलेंडर शे?" त्याच्याजवळ थोडंच कॅलेंडर आहे?

लग्नपत्रिकांचंही तेच. वाचून झाली की तुकडे. एकदा खानदेशातल्याच एका ओळखीच्या घरचं लग्न उधन्याला होतं. आम्ही तिघं इस्त्रीचे कपडे घालून निघालो आणि उधन्याला उतरल्यावर ताईने विचारलं, लग्नाची वाडी कोणती? साडू थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले आणि मग बँडचा आवाज आला त्या दिशेला चालू लागले. आत गेलो, पंगतीला बसलो, वरणबट्टी हाणली, आहेर दिला, नवरदेवाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. आणि मग ताईच्या लक्षात आलं, की नवरीकडचं, नवरदेवाकडचं, आचाऱ्याकडचं एकही माणूस आपल्या ओळखीचं नाही. "लगन ते लगन," साडू ढेकर देऊन म्हणाले. "जेवन तं मिळनं ना?" ज्यांच्या लग्नाला जायला निघालो होतो त्यांनी वर्षभर अबोला धरला. साडूंना तो अबोला आवडला. तेवढंच कमी बोलावं लागे.

कारण बोलणंसुद्धा त्यांना साठलेलं खपत नसे. कुणी काही सांगायला लागलं, की दुसऱ्या वाक्याला त्यांचा हात वर होई: "मुद्दा बोल." मुद्द्यापर्यंत यायला माणसाला थोडं चालावं लागतं, हे त्यांना पटत नसे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आम्ही सगळे तारेसारखं बोलायला शिकलो. 'गावाहून पत्र. म्हैस व्याली. पारडी.' बस. कोण आजारी आहे, कोण कुणावर रुसलं आहे, हे राहूनच जाई. आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याची शेपटी मनातल्या मनात स्वतःच लावून मोकळं व्हायची त्यांना सवय जडली होती. या सवयीने पुढे काय केलं ते सांगायलाच मी बसलो आहे.

आता असा माणूस. याला दगड फोडायला द्यावं, विहिरीतला गाळ उपसायला द्यावं, जिथे काही कमी केल्यानेच काम होतं असं काहीही द्यावं. पण आमच्या शेठना बुद्धी सुचली आणि त्यांनी याच्या हातात मिलचा कम्प्युटर दिला. साडू अकरावी नापास होते आणि सुरत स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये काही महिने जाऊन आले होते. एवढ्या भांडवलावर ते पलसाण्यात 'कम्प्युटरवाळा भाई' म्हणून मिरवत. पायातल्या चपला दाराबाहेर काढून, टेबलाला नमस्कार करून, मग खुर्चीत बसत. खोलीला एसी होता, तो कम्प्युटरसाठी. पण साडूंचा समज असा, की तो त्यांच्यासाठी आहे आणि कम्प्युटरला फुकट मिळतो.

मिलमध्ये साड्यांची डिझाईनं येत, ती चित्रकारांनी जाड कागदावर रंगवलेली असत. माझं काम सोपं होतं: कागद काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, आतून हिरवा उजेड सरकत जाई, आणि चित्र कम्प्युटरच्या पोटात. मग त्याला नंबर द्यायचा. रंगाच्या खात्यात ज्यांचे हात कोपरापर्यंत निळे होत ते मला म्हणत, "तुम्हारा तो राज है, भाऊ." राज होतं खरं, पण भाड्याचं. मी रोजंदारीवर होतो. शेठ म्हणाले होते, दिवाळीनंतर बघू, काम नीट केलं तर कायम करू. कायम झालो तर डिंडोलीतच एक खोली बघून ठेवली होती, ताईच्या मागच्या गल्लीत. बायको आणि मुलगी गावाहून येऊ शकणार होत्या. मुलगी मला ओळखेनाशी झाली होती. होळीला घरी गेलो तर ती आईच्या मागे लपून 'हाऊ कोन शे' असं विचारत होती. त्यामुळे प्रत्येक कागद ठेवण्याआधी मी काच दोनदा पुसत असे.

या सगळ्या चित्रांचा, मालाच्या चलनांचा, पार्ट्यांच्या कागदांचा साठा नीट राहावा म्हणून शेठनी मुंबईच्या एका पार्टीकडून एक प्रोग्राम करून घेतला. तो बसवायला एक मराठी इंजिनिअर आला होता. भला माणूस, माझ्यासारख्यालाही खुर्ची देऊन समजावून सांगायचा. म्हणाला, हे समजा कागदपत्रांचं गोदाम आहे. याला पुढून एक दार आहे, ते म्हणजे हा पडदा. इथून कुणी काही पुसायला गेलं, तर गोदाम विचारतं, 'नक्की पुसायचं का?' हो म्हटलं तरी पुन्हा विचारतं. पण मागच्या बाजूला एक खिडकी आहे. ती माणसांसाठी नाही, दुसऱ्या प्रोग्रामांसाठी आहे. उद्या तुमच्या बिलाच्या प्रोग्रामला एखादं चित्र हवं झालं, तर त्याने त्या खिडकीतून चिठ्ठी टाकायची: अमुक नंबर, दाखव. किंवा अमुक नंबर, ठेव. किंवा अमुक नंबर, पुसून टाक. खिडकी काही विचारत नाही, सांगितलेलं करते आणि 'झालं' म्हणून कळवते. या खिडकीला एपीआय म्हणतात.

साडू एकदम ताठ बसले. "एपीआय? आम्हना तालुकाना ठाणामा शे एक एपीआय."

इंजिनिअर म्हणाला, "तो पोलीस. हा वेगळा."

"वेगळा कसाना? तो बी काही इचारत नही. डायरेक्ट उचलस."

इंजिनिअर हसला. त्याला वाटलं, विनोद झाला. मला मात्र साडूंचे डोळे दिसत होते. एखाद्या गड्याला गावच्या जत्रेत मनासारखी बैलजोडी दिसावी, तसे ते डोळे झाले होते. पुढच्या दाराचा त्यांना आधीपासूनच राग होता. 'नक्की पुसायचं का' असा प्रश्न पडद्यावर आला, की त्यांचं नाक लाल होई: "माले इचारनारा तो कोन?" आता त्यांना न विचारणारी खिडकी सापडली. इंजिनिअर मुंबईला परत गेला त्या दिवसापासून साडूंनी पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ते नंबर लिहीत, शेवटी पुसायचा हुकूम देत, आणि खिडकी म्हणे, झालं. झालं. झालं. त्या प्रत्येक 'झालं'वर ते अशी मान डोलवत, जसा काही कुणी दाद देत आहे.

सुरुवातीला त्यांनी जुनी चलनं पुसली, त्यावर कुणी बोललं नाही. मग बंद पडलेल्या पार्ट्यांचे कागद पुसले. मग त्यांची नजर चित्रांवर गेली. कम्प्युटर भरत आला की तो मंद चाले हे खरं, आणि तेव्हा कम्प्युटरची पोटंही लहान असत. पण साडूंच्या हातून गेलेल्या चित्रांना मंदपणाशी काही घेणंदेणं नव्हतं, ती फक्त साडूंच्या समोर आली एवढाच त्यांचा गुन्हा. रंगवलेले मूळ कागद त्यांनी रद्दीवाल्याला देऊन टाकले. मी भीत भीत म्हटलं, दादा, हे असू द्यावेत. तर म्हणाले, "कम्प्युटरमा शेत ना? मंग कागद कसाले जोयजे?" हे एक वेळ पटलं. पुढे इंजिनिअरने एक फीत दिली होती, जिच्यावर रोज सगळ्याची नक्कल ठेवायची. ती त्यांनी कोरी केली आणि घरी नेऊन ताईला देवघरात दिव्याखाली ठेवायला दिली, तिचा डबा चपटा होता म्हणून. मी म्हटलं, दादा, नक्कल तरी. तर म्हणाले, "कम्प्युटरमा शे ना? एकच गोष्ट दोन जागे कसाले जोयजे?" आणि मग तेच कम्प्युटरमधलंही पुसायला बसत. या विचाराला सुरुवात होती, मधला भाग होता, पण शेवट विचारला की ते "मुद्दा बोल" म्हणत.

सगळ्यात जास्त डोळ्यांत सलत ते मोर. आमच्या मिलचं एक जुनं डिझाईन होतं, पदरावर मोरांची रांग, एकेका पिसात सात-आठ रंग. ते चित्र कम्प्युटरमध्ये एखाद्या जाड्या पाव्हण्यासारखं पसरून बसलं होतं. साडू त्याला शिव्या देत. शेठना त्यांनी कितीदा विचारलं, "शेठ, मोर काढी नाखुं?" काढून टाकू का? शेठ म्हणत, ना, ना, रहेवा दो. ती साडी छापणं बंद झालं होतं, तिच्या छपाईच्या जाळ्यासुद्धा धुऊन दुसऱ्या डिझाईनला वापरल्या होत्या. पण शेठचा त्या मोरांवर जीव होता. साडू म्हणत, माणूस पैसेवाला झाला तरी मन लहानच राहतं, रिकामी जागा सोसत नाही.

आणि मग दिवाळीच्या आधीची ती दुपार आली. फोन माझ्या टेबलावर होता. शेठ मार्केटमधून बोलत होते, मागे गर्दीचा आवाज. "अरे, पेली मोरवाळी फाईल काढो. जल्दी. हुं आवुं छुं." म्हणजे ती मोरांची फाईल काढा, लवकर, मी येतोच आहे. मी 'हा शेठ' म्हटलं, फोन ठेवला, आणि वळून साडूंना जसंच्या तसं सांगितलं. तारेसारखं सांगायची सवय लावली होती ना त्यांनी. "दादा, शेठ म्हणतात मोरांची फाईल काढा. लवकर."

आता हे 'काढणं' काय चीज आहे बघा. आपण विहिरीतून पाणी काढतो, तेव्हा पाणी हाताशी येतं. डोळ्यातलं कुसळ काढतो, तेव्हा ते जातं. पोरगं पाटीवर चित्र काढतं, तेव्हा नव्हतं ते होतं. कपाटातून धोतर काढा म्हटलं तर नेसायला, आणि भिंतीवरचं जाळं काढा म्हटलं तर फेकायला. गुजरातीतही तसंच, काढो म्हणजे बाहेर आणा आणि काढी नाखो म्हणजे घालवा; आपल्याकडे काढा आणि काढून टाका. चार माणसांत राहणाऱ्या माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. पण साडूंच्या कानाला 'काढा'च्या पुढचं 'टाका' आपोआप ऐकू येई. जगात कुणी एखादी वस्तू ठेवण्यासाठीही काढतं, ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती.

"शेवट मानं ना शेठनी!" ते म्हणाले आणि हात चोळले. मला वाटलं, शेठनी काही दुसरं मानलं असेल. पांढरी अक्षरं उमटली, बटणं खडखडली, खिडकीने तिचं नेहमीचं उत्तर दिलं.

"काढली का?" मी विचारलं.

"काढी."

"बघू."

"काय बघस? काहीच नही, तेच तं बघानं शे."

 मी म्हटलं, दादा, शेठ स्वतः येताहेत, मोर कुणाला तरी दाखवायचे असतील. साडू पडद्याकडे वळले. मग त्यांनी खिडकीत चिठ्ठी टाकली: मोरांचा नंबर, दाखव. खिडकी म्हणाली, असा नंबर नाही. त्यांनी पुन्हा टाकली. मग नंबर बदलून, मग परत तोच. ज्या खिडकीने त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, तिला आता ते विचारत होते, आणि ती तितक्याच शांतपणे सांगत होती, नाही. एसीमध्ये बसलेल्या त्या माणसाच्या कानामागून घामाची धार निघाली. मी तोवर त्यांना कधी घाम आलेला पाहिला नव्हता.

शेठ आले, पार्टी आली, चहा आला, मोर आले नाहीत. पार्टी लग्नसराईसाठी तीच साडी पुन्हा मागायला आली होती. थोडा वेळ बसून ती सभ्यपणे निघून गेली, आणि मग आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. हिशेब बघणारे मेहताजी कोपऱ्यात फायली चाळण्याचं नाटक करत बसले होते.

"काढी नाखवानुं कोणे कह्युं हतुं?" शेठनी विचारलं. काढून टाकायला कुणी सांगितलं? आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "फोन तें लीधो हतो. तें कह्युं?" फोन तू घेतला होतास, तू सांगितलंस?

 मी जे ऐकलं तेच सांगितलं होतं, त्यात एक अक्षर माझं नव्हतं. पण रोजंदारीच्या माणसाचं ऐकलं-सांगितलं कोण तोलून बघतो? मला ती मागच्या गल्लीतली खोली दिसत होती, तिचं निळं दार, आणि अमळनेरला गाडीत चढणारी बायको, जी आता चढणार नव्हती. आणि साडूंकडून तर मला कसलीच आशा नव्हती. या माणसाने जन्मात 'माझं चुकलं' म्हटलेलं नव्हतं. परक्याच्या लग्नात जेवून आल्यावर म्हटलं नाही, संकष्टी बुडवल्यावर म्हटलं नाही. आता तर त्यांच्या हातात आयता दुसरा माणूस उभा होता, आठवी शिकलेला.

साडू एक पाऊल पुढे झाले. त्यांची गुजराती मोडकी होती, पण त्या दिवशी कुठे अडली नाही. "शेठ, आ भाईए बराबर कह्युं हतुं. तमे काढो कह्युं, एणे काढो कह्युं. में काढी नाख्युं. भूल मारी छे." याने बरोबर सांगितलं होतं, चूक माझी आहे. आणि वर, "में कानथी नहीं, हाथथी सांभळ्युं." मी कानाने नाही, हाताने ऐकलं.

मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.  शेठ साडूंकडे हात करून मेहताजींना म्हणाले, "आमने काढो." यांना काढा.

आणि इथे, जिथे देवानेही गप्प बसावं, तिथे आमच्या साडूंनी हात जोडून, अगदी गंभीरपणे विचारलं, "शेठ, खाली काढो, के काढी नाखो?"

नुसतं काढा, की काढून टाका? मेहताजींना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाले. शेठचे ओठ एकदा हलले. माझी खात्री आहे की ते हसू होतं. पण मोर गेले होते, आणि शेठला शेठच राहायचं होतं. "काढी नाखो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी टेम्पोत आम्ही शेजारी शेजारी बसून डिंडोलीला आलो. हायवेवर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले. मी म्हटलं, "दादा, तुम्ही जे..." त्यांचा हात वर झाला. "मुद्दा बोल." मुद्दा इतका मोठा होता, की तो टेम्पोत मावला नसता.  "मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

शेठनी कुठून तरी ती जुनी साडी शोधून आणली आणि चित्रकाराकडून मोर नव्याने काढून घेतले. माना जराशा आखूड झाल्या, पण साडी चालली. कम्प्युटरवर बसायला चटकन दुसरं कुणी मिळेना, म्हणून दिवाळीनंतर शेठनी मला कायम केलं. मी जे काही आहे ते त्या खुर्चीमुळे आहे आणि ती खुर्ची मला कशी मिळाली हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. साडू पुढे चलथाणला साखर कारखान्याच्या हंगामात लागले. पण ते नंतर. मधले काही महिने ते घरीच होते. ताईला मी तोंड दाखवायला लाजायचो. ती मात्र पूर्वीसारखीच वाढायची, उलट भाकरीवर तूप जरा जास्तच.

बायको आणि मुलगी आल्या तो दिवस त्याच मधल्या महिन्यांतला. सकाळच्या पॅसेंजरला मी उधन्याला गेलो, तर साडू माझ्या आधी फलाटावर उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना या म्हटलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. गाडी आली. मुलगी मला बघून आईच्या मागे गेली, मग हळूच पुढे आली. बायकोने साडूंच्या पाया पडून विचारलं, "दाजी, आज कामवर नही गयात?"

तिला काहीच माहीत नव्हतं. ताईने माहेरी कळवलं नव्हतं आणि मी पत्रात लिहायचं धाडस केलं नव्हतं.

"आज सुट्टी शे," साडू म्हणाले. त्यांनी खाली वाकून आमची ट्रंक उचलली, डोक्यावर घेतली आणि जिन्याकडे चालू लागले. हमाल 'भाऊ, भाऊ' करत मागे आला, त्यालाही त्यांनी थांबू दिलं नाही.

आम्ही मागून चाललो. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "दाजी भला मानूस शे. सुट्टीना दिन बी आपलाकरता स्टेशनवर उना."

मी 'हा' म्हटलं आणि मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.